खोटी खिडकी

नागाळा पार्कच्या उतारावर
दोन चिंचांच्या मागं तो बंगला.
मी मोजायला गेले होते,
महापालिकेच्या यादीसाठी
नकाशा, दर्शनी बाजू, दोन छेद,
प्रमाण एकास पन्नास.

टेप धरायला शशिकांत यायचा.
तो दुसऱ्या दिवशी भावाच्या कुस्तीला गेला
तेव्हा मागच्या खोलीतल्या एस्तेरबाई
पदर खोचून पुढं आल्या.
"सांगा, कुठं धरू?"

समोरून सगळं जोडीजोडीनं:
दाराच्या डाव्या हाताला तीन खिडक्या, उजव्या हाताला तीन.
पोर्चचे चार खांब, वर जाता जाता किंचित बारीक,
फोटोसाठी पोट आत घेतल्यासारखे.
दारावर अर्ध्या पंख्याची काच, निळी, पिवळी,
एक पाकळी नंतर बसवलेली, सोडाबाटलीच्या हिरव्या रंगाची.
विलायतेच्या कुठल्याशा पुस्तकातलं पान
कुणी इथल्या काळ्या दगडात उतरवून काढलं होतं.

एस्तेरबाईंनी टेपचं टोक भिंतीला टेकवलं,
मिशनच्या दवाखान्यात तान्ह्या पोराच्या टाचेला
चाळीस वर्षं टेकवत आल्या तसंच, हळू.
"किती भरलं?"
सोळा फूट साडेतीन इंच.
उजवी बाजू सोळा फूट पाच.
"म्हंजे जुळी न्हाईत," त्या म्हणाल्या.
"पाठची भावंडं."

दिवाणखान्यात शेकोटीची कमान. कोल्हापुरात!
धुराड्यात हात घातला, बोटं पांढरीच आली.
चौकटीवर द्राक्षांचे घड कोरलेले.
जवळ गेले तर
ती द्राक्षं नव्हती, शेंगा होत्या भुईमुगाच्या,
कंबरेत बारीक, दोन-दोन दाण्यांच्या.
ज्यानं कोरल्या त्याला साहेबानं
चित्र दाखवलं असणार, फळ नाही.
मी त्या माणसासाठी
कागदावर एक जास्तीचा तपशील काढला,
कुणी मागितला नव्हता.

दुपारी झडपांच्या पट्ट्या तिरप्या केल्या
आणि ऊन चाळणीतून आल्यासारखं
फरशीवर पडलं, बिनआवाजाचं.
वारा एका खिडकीतून आला, समोरच्या खिडकीतून गेला,
मधे कुणाला न विचारता.
वीस वर्षं मी घरं काढते.
असा वारा मला एकदाही काढता आलेला नाही.

पुढचं दार नऊ फूट.
मागचं, बंबखान्याचं, पाच फूट दोन.
माझं कपाळ थाडकन आपटलं.
एस्तेरबाई दोन पावलं आधीच वाकल्या होत्या.
"मामंजी इथं पाणी तापवायचे. तेवीस वर्षं.
शेवटी शेवटी घरातबी वाकूनच फिरायचे."
मी दोन्ही उंच्या लिहिल्या,
एकाच पानावर, सारख्याच अक्षरात.

राहिली उजवीकडची तिसरी खिडकी.
ढकलली. हलेना.
"ती खोटी हाय," त्या हसल्या.
पट्ट्या चुन्यात ओढलेल्या, वर हिरवा रंग,
बिजागरीसुद्धा रंगवलेली.
डावीकडं तीन, म्हणून उजवीकडं तीन,
एवढ्यासाठी ती बाहेरच्या जगाकडं बघत बसलेली,
आणि तिच्या पाठीला बंबखाना, अंधार, धूर.

पण आतून,
बरोबर तिच्या उंचीवर,
कुणीतरी भिंत कोरून कोनाडा केलेला.
वरच्या बाजूला काजळीचा डाग, अंगठ्याएवढा.
या घरातली एवढीच काजळी.
"मामंजींचा," त्या म्हणाल्या, "दिव्याला.
रात्री कोरायचे, साहेब क्लबात गेल्यावर."

आमच्या कामात मागं लपलेली गोष्ट
तुटक रेघेनं दाखवायची पद्धत आहे.
मी पेन्सिल टोकदार केली.
त्यांनी न सांगता टेप धरली.
रुंदी दहा इंच. उंची एक फूट एक. खोली चार.
"लिवलं?"
लिहिलं.

मग पोर्चमधे चहा घेतला,
मी पायरीवर, त्या दुसऱ्या खांबाला टेकून.
बशी खाली ठेवून त्यांनी खांबावर तळवा ठेवला,
ताप बघावा तसा.
"गार हाय की," म्हणाल्या.